लाल दांड्याचा मेन

आमच्या घरात कंप्यूटर आला त्याच्या आठ दिवस आधी त्याचा मेन स्विच आला. ताई असती तर तिनं ही गोष्ट हसत सांगितली असती. हात उडवून, पप्पांचा आवाज काढून. मला ती हसत सांगता येत नाही. ताईला जाऊन आता पाच महिने होतील, आणि या पाच महिन्यांत मला रडू कमी आलं, राग जास्त आला. सकाळी दात घासताना येतो, ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना येतो. भेटायला येणारे लोक म्हणतात, तू फार शांत आहेस, धीराची आहेस. मी लहानपणापासून शांतच आहे. त्या शांतपणाचं काय झालं ते आता लिहून काढते.

बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत पलंग, बाबासाहेबांची तसबीर, आईचं शिलाई मशीन आणि दारामागे पप्पांचा कंपनीचा खाकी शर्ट. मागची खोली स्वयंपाकाची. आमची घड्याळं म्हणजे कंपन्यांचे भोंगे. भोंग्याआधी गल्लीच्या तोंडाशी कंपनीची बस थांबायची, तिचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारायचा आणि तिसऱ्यांदा मारत नसे. आई पहाटे भाकऱ्या थापायची, त्या थापटण्याच्या आवाजावर विहारातली वंदना ऐकू यायची. न्याहारीला बहुतेक वेळा सुशीला, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर शेंगदाण्याचं कूट. दुपारी येसर आमटी असली की ताई ताटात भाकरी चुरून तिचं तळं करायची आणि आई म्हणायची, "घोडी झालीस तरी खेळतीस व्हय गं अन्नाशी?"

पप्पा प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्याचे भाग दाबून काढायची मोठमोठी यंत्रं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावर संपायची. कुणीतरी मेन चालू ठेवून चहाला गेला होता, आणि पप्पा बंद आहे असं समजून आत अडकलेला तुकडा काढत होते. एवढंच ते सांगायचे, आणि दर वेळी शेवटी तेच वाक्य यायचं: "मशीन सोडायचं तर मेन पाडून सोडायचं. बटनावर भरवसा ठेवायचा न्हाय." त्यांच्या त्या अर्ध्या बोटांपुढे या वाक्यावर कुणी काही बोलू शकत नसे.

म्हणून कंप्यूटर घ्यायचं ठरलं तेव्हा पप्पांनी आधी मेन बसवला. जुन्या बाजारातून एक लोखंडी पेटी आणली, कारखान्यात असते तशी, बाजूला लाल मुठीचा दांडा. दांडा वर ढकलला की चालू, खाली ओढला की 'खट्ट' असा आवाज, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढा. स्वतः भिंतीला भोकं पाडली, स्वतः तार ओढली, पेटीला राखाडी रंग दिला आणि आम्हाला समोर उभं करून सांगितलं, "या दांड्याला कुणी हात लावायचा न्हाय. मेन माझ्या हाताचा. सकाळी मी चढवणार, झोपताना मी पाडणार." आई म्हणाली, "टीव्हीएवढ्या डब्याला कारखान्याचा मेन! उद्या पाटा-वरवंट्याला पण बसवा."

कंप्यूटर जुनाच होता, एका बंद झालेल्या ऑफिसातला. ताईनं बी.ए. केलं होतं आणि मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. ती कळांकडे न बघता टाइप करायची. नजर कागदावर, पाठ ताठ, आणि बोटं अशी चालायची की आईच्या शिलाई मशीनशी त्यांची शर्यत लागायची. आईनं जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं, ते ताई रोज सकाळी घडी करून ठेवायची, बटण दाबायची आणि हाक मारायची, "विशू, तारीख काय गं आज?" कारण कंप्यूटर तारीख विसरलेला असायचा. कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या पहिल्या जानेवारीला जाऊन बसायचा. मी आतून तारीख सांगायची आणि ती भरून ताई कामाला लागायची. हे नशीब चांगलं असलं तर. नशीब वाईट असलं तर पडदा काळाच राहायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी यायच्या, डिस्क सापडत नाही अशा अर्थाच्या, आणि पुढे काहीही व्हायचं नाही. कुठल्या दिवशी काय होईल याचा नेम नव्हता.

दुरुस्तीवाला गुलमंडीतून यायचा. पप्पा त्याला इंजिनिअरसाहेब म्हणायचे. तो त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता. खुर्चीत बसला की तो पाठ अशी वळवायचा की आम्हाला त्याचे हात दिसू नयेत. पाच मिनिटं काहीतरी दाबायचा, कंप्यूटर सुरू व्हायचा. ताईनं एकदा विचारलं, "काय केलं ते मला दाखवता का? म्हणजे परत झालं तर मीच करीन." तो हसला. तिच्याकडे न बघता पप्पांना म्हणाला, "काका, मशीन ओके आहे. वापरणाऱ्याचा प्रॉब्लेम आहे. ताई उलटसुलट बटणं दाबत असणार."

पप्पा ताईला म्हणाले, "ऐकलं का? सायब काय म्हणतेत?"

आई दारातून म्हणाली, "सायबाला एवढं कळतंय तर त्यानंच बसावं टाइप करायला."

तो माणूस आज कुठे आहे मला माहीत नाही. भेटला तर मी त्याला काय म्हणेन याची वाक्यं मी कितीदा तयार केली आहेत. त्याला खरं कारण माहीत नव्हतं की माहीत असूनही तो परत परत येत राहिला, हे मला कधीच कळणार नाही. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही ठरवता येत नाही.

ताईला गुलमंडीतल्या एका छापखान्यात खुर्ची मिळायची शक्यता आली तो हा काळ. मालक म्हातारे, सावकाश बोलणारे. खुलताबादच्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहिल्या होत्या, निळ्या शाईत, गिचमिड अक्षरात. ते बाड मालकांनी ताईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस घरी करून दाखव. पंधराव्या दिवशी, सोमवारी सकाळी अकराला मला फ्लॉपी हातात पाहिजे. दिलीस, तर ती खिडकीजवळची खुर्ची तुझी." ताईनं घरी येऊन ती खुर्ची मला बसून दाखवली. पलंगाच्या काठावर बसून, डावीकडे खिडकी आहे असं समजून. पप्पांचं वेगळं चाललं होतं. त्यांच्या कंपनीच्या कंत्राटदाराकडे पॅकिंगला बायका घेत होते. ते म्हणाले, "हे जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर कंप्यूटर काढून टाकायचा आन् पॅकिंगला जायचं. मशीन दुरुस्त करत बसायला हितं कुणाला वेळ न्हाय." ताई म्हणाली, "जमंल पप्पा." ती अशी म्हणाली की मलाही वाटलं, जमेल.

पहिला आठवडा कंप्यूटर लोण्यासारखा चालला. रोज सुरू, एका बटणात. ताई गाणी गुणगुणत टाइप करायची. मध्येच गुरुजींची एखादी ओळ मोठ्यानं वाचायची आणि आम्ही दोघी हसायचो. पप्पांची त्या आठवड्यात तिसरी पाळी होती, रात्री जायचे, सकाळी येऊन झोपायचे. आई म्हणाली, "बघा, तुमचं तोंड दिसत न्हाय तर कसं शानं झालंय मशीन." पप्पासुद्धा हसले. आम्ही सगळे हसलो. आईनं त्या दिवशी सगळं कारण सांगून टाकलं होतं, आणि ते आम्ही हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या आठवड्यात पप्पा पहिल्या पाळीला गेले आणि परत तेच सुरू झालं. सोमवारी तारीख गेली. बुधवारी काळा पडदा. इंजिनिअरसाहेब आले, पाठ वळवली, गेले. ताईचा एक पूर्ण दिवस गेला. पप्पा संध्याकाळी हात धुता धुता म्हणाले, "हात खराब आहे हिचा. एकेकाचा असतो. शॉपमध्येपण हायेत तसे. मशीनला हात लावला की मशीन बसतं." ताईनं आपले हात बघितले, पालथे आणि उताणे. ते मी पाहिलं.

शनिवारी सकाळी ती नेहमीसारखी म्हणाली, "विशू, तारीख काय गं?" मी तारीख सांगितली आणि परत पुस्तकात डोकं घातलं. पण वाचता येईना. मागच्या आठवड्यात तिनं मला एकदाही तारीख विचारली नव्हती, हे अचानक माझ्या लक्षात आलं. सहा दिवस. एकदाही नाही. मग मी वहीच्या शेवटच्या पानावर आठवून आठवून लिहिलं: कुठल्या आठवड्यात विचारलं, कुठल्यात नाही, काळा पडदा कधी, पप्पांची पाळी कुठली. माझी स्मरणशक्ती चांगली होती, त्याबद्दल मला बक्षिसं मिळत. तिसऱ्या पाळीच्या एकाही आठवड्यात कंप्यूटर बिघडला नव्हता. पप्पा रात्री घरी नसले की मेन कुणी पाडत नसे, कारण त्याला हात लावायची कुणाला परवानगीच नव्हती. ताई नुसतं बटण बंद करायची आणि मेन रात्रभर वरच राहायचा. पप्पा घरी असले की 'खट्ट'. आणि सकाळी कंप्यूटर सगळं विसरलेला. का, ते मला कळलं नव्हतं. पण कशानं, ते कळलं होतं. मी अकरावीत होते आणि त्या घरात ते कळलेली मी एकटीच होते.

रविवारी संध्याकाळी ताईचं शेवटचं पान झालं. आईनं अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी केली होती. पप्पा जेवून उठले, पेटीजवळ गेले.

"झालं का गं सुजाता?"

"झालं पप्पा. सकाळी एकदा वाचते आन् फ्लॉपीत घालते. जुनी खराब झाली, नवी विशू आणील दुकान उघडल्यावर."

"मंग कर बंद. मेन पाडतो."

ताईनं कंप्यूटर बंद केला, कव्हर घातलं. पप्पांचा हात लाल मुठीवर होता, डावा हात, त्या अर्ध्या बोटांचा. मी दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसले होते. मी म्हटलं, "पप्पा..."

"काय?"

सगळी वाक्यं तयार होती. आजची रात्र पाडू नका, बस्स. कारणसुद्धा द्यायची गरज नव्हती. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, मी त्यांना सांगणार की तुमच्या बोटांनी शिकवलेला नियम चुकीचा आहे, इतके दिवस तुम्ही तुमच्या लेकीला बोल लावता तो दोष तुमचा आहे. असं आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. आणि मी तर नक्कीच नाही. आई बोलायची, ताई बोलायची, मी गप्प असायची. तेच माझं नाव होतं त्या घरात.

"काही नाही. पाणी देऊ का?"

"दे," पप्पा म्हणाले. "गुणी लेकरू माझं."

खट्ट.

गुणी. पुढच्या आयुष्यात हा शब्द मला कॉलेजनं दिला, सासरनं दिला, आणि दर वेळी मला तो आवाज ऐकू आला. कुणाच्या मुलीला कुणी गुणी म्हटलं की मला त्या माणसाचं तोंड दाबावंसं वाटतं. गुणी म्हणजे जिला माहीत असतं आणि जी पाणी आणून देते.

सोमवारी सकाळी पप्पा मेन चढवून कंपनीच्या बसला निघून गेले आणि ताईनं बटण दाबलं. काळा पडदा. दोन पांढऱ्या ओळी. तिनं बंद केला, चालू केला. परत. मग ती खाली बसून डब्यावर कान ठेवून ऐकायला लागली, आजारी माणसाच्या छातीवर ठेवतात तसा. आई म्हणाली, "आगं, पळ, फोन कर त्याला." ताई चपला न घालता नाक्यावरच्या फोनच्या बूथवर पळाली. इंजिनिअरसाहेब तीन वाजता आले. पाच मिनिटं. नेहमीसारखी पाठ. ताई मी आणलेल्या नव्या फ्लॉपीत काम भरून शहरात गेली, छापखान्यात पोचायला पाच वाजले. मालकांनी पानं बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "काम फार शुद्ध आहे बेटा. पण दुपारी बारापर्यंत वाट बघितली मी. गुरुजी समोर बसून होते. आता दुसऱ्याला शब्द दिला." हे ती घरी येऊन सांगताना रडली नाही. फक्त म्हणाली, "खुर्ची खिडकीजवळच आहे. त्यानं त्याची पिशवी पण लटकवली तिथं."

पप्पांनी मोठा आवाज केला नाही. ते म्हणाले, "मी म्हणलं व्हतं. हातच खराब."

मी तिथंच होते. सोमवारी मला सांगता आलं असतं. मंगळवारी सांगता आलं असतं, अजून दुसरे छापखाने होते. कंप्यूटर एका नातेवाइकाकडे जाईपर्यंत महिना गेला, त्या महिन्यातल्या कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. पण रविवारी गप्प बसले होते म्हणून सोमवारी बोलणं अवघड झालं, आणि सोमवारी बोलले नाही म्हणून मंगळवारी. गप्प राहण्याचं असंच असतं, रोज त्याला एक दिवस जोडला जातो.

ताई पॅकिंगला गेली आणि तिथंच बावीस वर्षं राहिली. लग्न झालं, दोन मुलं झाली, पॅकिंग सुटलं नाही. कळांकडे न बघता चालणारी तिची बोटं तेलकट कागदात लोखंडी भाग गुंडाळत राहिली. उभ्यानं. त्यातही ती सगळ्यांत जलद होती, सुपरवायझर नव्या बायकांना तिच्याशेजारी उभं करायचा. पण घरात मोबाइल आला, पैसे काढायचं यंत्र आलं, मिक्सर आला, तेव्हा ती दर वेळी वस्तू समोरच्याच्या हातात द्यायची. "तू कर बाई. माझा हात खराब." हसून म्हणायची. शेवटी दवाखान्यात पलंगाचं डोकं वर करायचं बटण होतं, तेसुद्धा ती मला दाबायला सांगायची.

खरं कारण मला कळलं ते नोकरी लागल्यावर. आमच्या ग्रंथालयातला कंप्यूटर सुट्टीनंतर असाच अडून बसला. दुरुस्तीला आलेल्या मुलीनं झाकण काढलं, आतून रुपयाएवढी एक चपटी बॅटरी नखानं उचकटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "मॅडम, ही संपली की तो सगळं विसरतो. मेन चालू असला की त्याला मेनवरून आठवण राहते. मेन बंद केला की ह्या बॅटरीवर. एवढंच." नवी बसवायला तिला दोन मिनिटं लागली. मी स्टुलावर बसले ती अर्धा तास उठले नाही. ताईला तेव्हाही सांगितलं नाही. आता काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिनं विचारलं असतं, तुला कधीपासून माहीत आहे.

ताई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. भन्तेजी जाऊन जेवणं झाली, आणि खुर्च्यांवर जुने कामगार बसून तिच्याबद्दल बोलत होते. पप्पा आता थकले आहेत. आई गेल्यावर मी सासरहून त्याच जुन्या घरात परत आले, तेव्हापासून आम्ही दोघंच राहतो. कुणीतरी म्हणालं, "सुजाताबाईसारखं पॅकिंग कुणाचंच न्हाय." पप्पा मान हलवून म्हणाले, "व्हय. तसा मशीनला हात खराब व्हता तिचा. पण पॅकिंगला सोन्यासारखी."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तिचा हात खराब नव्हता पप्पा. मेन तुम्ही पाडत होता. आतली बॅटरी संपली होती, मेन पाडला की कंप्यूटर विसरायचा. तुम्ही तिसऱ्या पाळीला असलात की चालायचा. रोज रात्री तुम्ही पाडायचात आणि रोज सकाळी तिला बोलायचात."

पप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू गेलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. त्या शनिवारी."

मग अगदी साध्या आवाजात, दुखावून नाही, चिडून नाही, ज्या माणसाला खरंच कळत नाही त्याच्या आवाजात ते म्हणाले, "मंग बोलायचं न्हाय का गं? मी पाडला नसता."

मला वाटतं ते खरं बोलत होते. पाडला नसता त्यांनी. कुरकुरले असते, कंपनीतल्या दोन गोष्टी सांगितल्या असत्या आणि दांडा वर ठेवून झोपले असते. माझा सगळ्यात जास्त राग आता त्या वाक्यावर आहे. ते खोटं असतं तर मला इतक्या वर्षांचं भांडण भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

ती पेटी अजून भिंतीवर आहे. रंग गेला, लाल मूठ गुळगुळीत झाली. आता त्यावर फक्त पाण्याची मोटार आहे. पप्पा अजून रोज संध्याकाळी भिंतीला धरून धरून तिथपर्यंत जातात, कुणी धरलेलं चालत नाही. पण त्या दिवसापासून ते मुठीवर हात ठेवून थांबतात आणि आत आवाज देतात, "विशू, पाडू का गं मेन?"

रोज विचारतात. मी भाजी चिरत असते, किंवा हे लिहीत असते. हात थांबतो. डोक्यात रक्त चढतं. आणि मग मी म्हणते, "पाडा."